डॉ. द्वारकानाथ कोटणीस : सोलापूरचा डॉक्टर, चीनचा युद्धसेवक

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर १९१० – ९ डिसेंबर १९४२) हे चीन-जपान युद्धात जखमी सैनिकांची व ग्रामीण जनतेची सेवा करताना चीनमध्येच मृत्यू पावलेले मराठी शल्यचिकित्सक होत. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांपैकी मायदेशी न परतलेले ते एकमेव होते. मृत्यूसमयी त्यांचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते. रणांगणावरील त्यांच्या शौर्याच्या कथा सर्वश्रुत आहेत. परंतु त्यांच्या कार्याचे खरे मोल परतीची वाट वारंवार खुली असताना त्यांनी घेतलेल्या निर्णयांत आहे.

कोटणीस यांचा जन्म सोलापुरातील मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. त्या काळी सोलापूर हे कापड गिरण्यांचे आणि कामगारांचे शहर म्हणून ओळखले जाई. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत मे १९३० मध्ये इंग्रज सरकारने या शहरात लष्करी कायदा पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा व कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिले. कोटणीसांच्या विद्यार्थिदशेतील सोलापूर असे धगधगते होते. पुढे त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून १९३६ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू असतानाच त्यांच्या आयुष्याला निराळे वळण मिळाले.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर व्यापक आक्रमण केले. त्याच वर्षाच्या अखेरीस नानकिंग पडले. चिनी सैन्याकडे शस्त्रांची टंचाई होतीच; डॉक्टर व औषधे यांची त्याहून अधिक होती. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेले सुभाषचंद्र बोस यांनी देशवासीयांना आवाहन केले. लोकवर्गणीतून सुमारे २२ हजार रुपये जमले आणि रुग्णवाहिकेसह पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे पथकप्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे अन्य सदस्य होते. पाचांपैकी दोघे मराठी होते. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या पीडित देशाला मदत करावी, हा या मोहिमेचा गाभा होता.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबईचा किनारा सोडला. त्याच महिन्यात ते कँटन (आताचे ग्वांगझौ) येथे पोहोचले. तेथून हँकाऊ, यिचांग असे करीत ते चुंगकिंगला गेले. जपानी सैन्य मागोमाग सरकत होते. कँटन व हँकाऊ ही दोन्ही शहरे ऑक्टोबरमध्येच शत्रूच्या हाती पडली. चुंगकिंगच्या मुक्कामात पथकातील प्रत्येकाच्या चिनी नावापुढे चीनचा वाचक असलेला 'हुआ' हा शब्द जोडण्यात आला. कोटणीस हे 'के दिहुआ' झाले. आजही चीनमध्ये ते याच नावाने परिचित आहेत.

याच ठिकाणी त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. घरी परतण्यास यापेक्षा सबळ कारण असू शकत नव्हते. तरीही ते परतले नाहीत. पथकाबरोबर ते पुढे निघाले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये माओ त्से तुंग यांचे केंद्र असलेल्या येनान येथे दाखल झाले.

त्याच वर्षी चोळकर आणि मुखर्जी भारतात परतले. १९४० मध्ये अटलही परतले. कोटणीस व बसू मात्र थांबले. कोटणीस उत्तर चीनमधील डोंगराळ तळप्रदेशात गेले. जपानी फौजांच्या वेढ्यात असलेल्या या मुलुखात रुग्णालय म्हणजे पक्की इमारत नसे. शेतकऱ्यांची घरे हेच रुग्णकक्ष असत. शत्रू जवळ आल्याची खबर लागताच जखमींना उचलून दुसऱ्या गावी हलवावे लागे. १९४० मधील मोठ्या लढायांच्या काळात कोटणीसांनी शेकडो जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. एका प्रसंगी तर त्यांनी सलग ७२ तास विश्रांतीविना काम केल्याचे सांगितले जाते.

याच तळप्रदेशात त्यांच्यापूर्वी कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी काम केले होते. शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. रुग्णालयाला जोडून असलेल्या वैद्यकीय विद्यालयात ते शिकवूही लागले. एक डॉक्टर मोजक्याच जखमींपर्यंत पोहोचू शकतो. पण त्याने तयार केलेले शिष्य अनेकांपर्यंत पोहोचतात, ही त्यामागील दृष्टी होती. त्यासाठी त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि त्याच भाषेत शल्यशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहावयास घेतली. त्यातील दुसरे पुस्तक त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले.

बेथ्यून यांच्या समाधीच्या उद्घाटनप्रसंगी त्यांची ओळख परिचर्याशास्त्र शिकविणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी झाली. १९४१ च्या अखेरीस दोघे विवाहबद्ध झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव 'यिनहुआ' ठेवण्यात आले. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कोटणीसांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले होते.

अपुरे अन्न, अविश्रांत श्रम आणि सततचे स्थलांतर यांमुळे त्यांची प्रकृती ढासळत गेली. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारांसाठी अन्यत्र जाण्याचा सल्ला त्यांना देण्यात आला. परंतु काम सोडून जाणे त्यांनी मान्य केले नाही. परतीची ही अखेरची संधी होती. ९ डिसेंबर १९४२ रोजी हपे प्रांतातील तांग परगण्यात त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. माओंनी शोकसंदेशात सेनेचा आधार व राष्ट्राचा मित्र गमावल्याची भावना व्यक्त केली. पुढे त्यांची समाधी शिज्याझुआंग येथील हुतात्मा स्मारकात हलविण्यात आली.

भारतात त्यांची कथा घरोघरी पोहोचली ती ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकामुळे आणि त्यावर आधारित 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' या १९४६ च्या चित्रपटामुळे. व्ही. शांताराम यांनी तो दिग्दर्शित केला आणि कोटणीसांची भूमिकाही स्वतःच केली. भारतीय टपाल खात्याने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. सोलापुरात त्यांच्या राहत्या घराचे स्मारकात रूपांतर झाले आहे.

कुटुंबाच्या वाट्याला मात्र दुःख पुन्हा आले. वडिलांप्रमाणेच वैद्यकाची वाट धरलेल्या यिनहुआचे १९६७ मध्ये, शिक्षण पूर्ण होण्याच्या सुमारास, निधन झाले. ग्वो छिंगलान यांनी भारताला अनेकदा भेट देऊन कोटणीस कुटुंबाशी नाते अखेरपर्यंत जपले. २०१२ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

दरम्यान १९६२ च्या युद्धाने दोन्ही देशांत कटुता आली आणि सीमेवरील तणाव नंतरही वेळोवेळी वाढत राहिला. तरीही चिनी नेते भारतात आले, की कोटणीसांचे नाव आवर्जून घेतले गेले. राजकारणाला त्यांचे नाव सोयीचे वाटले असेल. पण ज्या खेड्यांतील जखमींसाठी ते थांबले, त्यांच्या लेखी ते कोणा देशाचे प्रतिनिधी नव्हते. बोलावल्यावर येणारे आणि सोडून न जाणारे ते डॉक्टर होते.