निवृत्ती व्हिसा, थायलंड

निवृत्ती व्हिसा, थायलंड : वयाची ५० वर्षे पूर्ण केलेल्या परदेशी नागरिकाला नोकरीधंदा न करता थायलंडमध्ये दीर्घकाळ राहण्यासाठी मिळणारा परवाना. चिआंग माई, हुआ हिन, पट्टाया, फुकेत येथे स्थिरावलेले बरेचसे परदेशी पेन्शनर याच्या आधारावर राहतात.

सर्वांत रुळलेला मार्ग ‘नॉन-इमिग्रंट ओ’ वर्गाचा. आधी ९० दिवस मिळतात. मग इमिग्रेशन कचेरीत १,९०० बाट शुल्क भरून वर्षाची मुदतवाढ घ्यायची आणि पुढे दरवर्षी घेत राहायची. थाई बँकेत ८ लाख बाटांची ठेव, दरमहा ६५,००० बाट उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाला ८ लाख बाट दाखवावे लागतात. २०१९ पासून ही ठेव मुदतवाढीआधी दोन महिने व नंतर तीन महिने पूर्ण राखावी लागते. उरलेल्या काळातही ती ४ लाखांखाली आणता येत नाही. म्हातारपणी पैसा मुख्यतः आजारपणासाठी साठवलेला असतो आणि नेमका तोच असा अडकून पडतो. या नियमाचा हा सर्वांत कठोर भाग होय.

‘ओ-ए’ हा व्हिसा मायदेशातून वा वास्तव्याच्या देशातूनच मागावा लागतो. त्याला पोलिसांचा चारित्र्य दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि ऑक्टोबर २०१९ पासून आरोग्यविमाही लागतो. विम्याच्या रकमेला किमान मर्यादाही आहे. सत्तरीनंतर नवा विमा मिळणे दुरापास्त होत जाते. त्यामुळे ज्यांना स्थैर्याची सर्वाधिक गरज, त्यांनाच ही अट जाचते. ‘ओ’ वर्गाला विम्याची सक्ती नाही.

दहा वर्षांचा ‘ओ-एक्स’ ठरावीक १४ देशांच्या नागरिकांपुरता असून त्यांत भारत नाही. २०२२ मध्ये सुरू झालेला दहा वर्षांचा ‘एलटीआर’ व्हिसा भारतीयांना खुला आहे; मात्र निवृत्तांच्या गटात वर्षाला ८०,००० डॉलर उत्पन्न लागते. ते ४०,००० पर्यंत कमी असल्यास थायलंडमध्ये अडीच लाख डॉलरची गुंतवणूक करावी लागते.

‘ओ’ व ‘ओ-ए’वर राहणाऱ्याने दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवायचा असतो. मुदतवाढीवर असताना पुनर्प्रवेशाची परवानगी न घेता देश सोडल्यास ती मुदतवाढ रद्द होते. आईवडिलांच्या वा भावंडांच्या आजारपणाची बातमी येताच घाईने निघालेल्या माणसाकडून हे सहज राहून जाते. परदेशी व्यक्तीला जमीन विकत घेता येत नाही, कॉन्डोमिनियममधील सदनिका घेता येते. इमारतीतील एकूण सदनिका-क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. वर्षात १८० दिवस वा अधिक राहणाऱ्याने १ जानेवारी २०२४ पासून मिळवून थायलंडमध्ये आणलेले परदेशी उत्पन्न करपात्र ठरते.

भारतातून जाणाऱ्या निवासी व्यक्तीला ठेवीची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत, पाठवता येते. सरकारी पेन्शनरांचा नोव्हेंबरातील हयातीचा दाखला तेथे राहूनही चुकत नाही.

कितीही वर्षे मुदतवाढ घेतली, तरी केवळ निवृत्तीच्या आधारावर कायम वास्तव्याचा हक्क मिळत नाही. म्हणून जाऊ इच्छिणाऱ्याने इकडचे राहते घर विकू नये.