गोटा, गोफण आणि जरब

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन्ही काठांवर माणसं गोटे घेऊन उभी राहतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, मधे पात्रात रोवलेला पळस आणि त्याला बांधलेला झेंडा. हीच गोटमार. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता, तेव्हा दगडफेक झाली आणि दोघंही गेली, असं सांगतात.

शब्द उघडा आहे : गोटा आणि मार. गोटा म्हणजे वाटेल तो दगड नव्हे. पाण्यानं घासून गोल झालेला, मुठीत बसणारा. खेळातली गोटी त्याच घरची.

हे गोटे गोफणीनंही फेकतात. गोफणीचं मूळ काम मात्र राखणीचं. ज्वारी दाण्यात आली की माळ्यावरून गोफण फिरते ती पाखरं उडावीत म्हणून. मेली नाहीत तरी चालतं. न मारता बसणाऱ्या या धाकाला मराठीत नेमका शब्द आहे, जरब. तो अरबीतून फारसीमार्गे आला. तिकडे 'जर्ब' म्हणजे प्रत्यक्ष तडाखा. मोगल नाण्यांवर टाकसाळीच्या गावाआधी हाच शब्द असतो, कारण नाणं ठोकून पाडायचं. मराठीत तडाखा मागे पडला, त्याचा धाक तेवढा राहिला. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो. जरब बसली की हात उचलावा लागत नाही.

गोटमारीत जरबेला जागाच नाही. समोरून गोटा येणार हे ठाऊक असूनच माणूस काठावर येतो, मग भीती कुणाला घालणार? म्हणून जमावबंदी लागते, गोफणीवर बंदी येते, रबरी चेंडूही देऊन झाले, तरी दरवर्षी शेकडो जखमी होतात. काहींचा जीवही गेला आहे. परंपरेच्या नावानं हे चालू द्यावं, हे मला मान्य नाही.

आणि याच गोफणीचा दुसरा अर्थ सुश्रुतसंहितेत आहे. जखम बांधण्याच्या चौदा प्रकारांत एक 'गोफणा' : हनुवटी, नाक, ओठ यांना झेलून धरणारी पट्टी. दगड झेलणारी झोळी आणि फुटलेली हनुवटी झेलणारी झोळी, आकार एकच. दुसऱ्याचं दुखणं असं झेलणाऱ्या मायेला आपण कळवळा म्हणतो, आणि त्या शब्दातही आधी कळच ऐकू येते, दुखण्याची. झुंज संपल्यावर दोन्ही काठांचे लोक मिळून झेंडा चंडीमातेच्या देवळात नेतात. तेव्हा दिसणारा हा कळवळा सकाळीच, पहिला गोटा उचलण्याआधी, का जागा होऊ नये?