धुळ्याचा धातुकोश आणि स्थित्यंतराची क्रियापदे

मराठी धातूंची व्युत्पत्ती लावण्याचा मोठा उद्योग खानदेशात तडीस गेला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्याचे ठाणे असलेल्या धुळ्यात निधन झाले आणि त्यांचे दप्तर जपण्यासाठी तेथे उभ्या राहिलेल्या राजवाडे संशोधन मंडळाने कृ. पां. कुलकर्णी यांच्याकडून संपादित करवून १९३७ मध्ये त्यांचा मराठी धातुकोश प्रसिद्ध केला. त्यातील काही व्युत्पत्ती ओढूनताणून लावलेल्या वाटतात, तरी एवढी धातुसामग्री एका जागी आणण्याचे श्रेय त्याने उणावत नाही.

या सामग्रीतला विशेष लक्षणीय वर्ग नामधातूंचा, म्हणजे नाम किंवा विशेषण यांपासून साधलेल्या धातूंचा होय. जे आधी तसे नव्हते ते तसे होणे, या अर्थाला संस्कृत वैयाकरण ‘अभूततद्भाव’ म्हणतात. पाणिनीने तांबडे होणे या अर्थी ‘लोहितायते’ यासारखी रूपे सिद्ध करणारा प्रत्यय सांगितला (३.१.१३), तर ‘शुक्लीभवति’सारख्या रूपांसाठी ‘च्वि’ हा वेगळा प्रत्यय दिला (५.४.५०). मराठीत हे काम मुख्यतः ‘आव’ करतो: मंदावणे, दुरावणे, स्थिरावणे. ‘सुस्त’ हे फारसी विशेषणही ‘सुस्तावणे’ होऊन याच रांगेत बसले, यावरून हा प्रत्यय किती जिवंत होता हे दिसते.

तथापि संस्कृत प्रयोजकातील ‘आपय’ हा अंशही प्राकृतातून ‘आव’ असाच उतरल्यामुळे होणे आणि करणे यांची सीमा येथे पुसट झाली. ‘गिरणेची पातळी उंचावली’ यात पातळी आपोआप उंच झाली. ‘शेतकऱ्याने बांध उंचावला’ यात तोच धातू सकर्मक झाला, आणि भेद दाखवायला उरला तो फक्त कर्त्याला लागलेला ‘ने’. तुर्की भाषा याबाबत काटेकोर आहे: ‘कोलाय’ म्हणजे सोपे, ‘कोलायलाश्माक’ म्हणजे सोपे होणे, आणि सोपे करायचे असेल तर आणखी एक प्रत्यय घालून ‘कोलायलाश्तिर्माक’. मराठीची मोकळीक मात्र उणीव ठरत नाही, कारण वाक्यरचना तो भार सहज उचलते.

खरी हानी दुसरीकडे आहे. सरकारी मराठीने ‘च्वि’ची शाखा उचलून शहरीकरण, नवीकरण अशी नामे घडविली, त्यांना ‘होणे’ जोडले आणि ‘वेग मंदावला’ म्हणण्याऐवजी ‘वेगाचे मंदीकरण झाले’ अशी बोजड रचना लिहिण्याची वाट मोकळी केली.