दर्या आणि दऱ्या

तर झालं असं, की आमच्या घरचा जुना कॉम्प्युटर अखेर निवृत्त झाला. २००२ साली बाबांनी तो बोईसरच्या एका दुकानातून जोडून घेतला होता. मॉनिटर मांडीवर घेऊन ते रिक्षाने उमरोळीपर्यंत आले होते. आईने लगेच त्याला झालरीचं कव्हर शिवलं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळायचं. भारनियमनाच्या त्या दिवसांत यूपीएस कोकलायला लागला, की घरातून एकच आरडाओरडा व्हायचा : "सेव्ह कर, आधी सेव्ह कर!"

बाबा गेल्यापासून तो माळ्यावरच होता. मध्यंतरी नवा लॅपटॉप घेतला आणि त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. आत्या पोफरणला दिलेली. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली, त्यातलं पोफरण. (पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या. नव्या दोनांतली चौथी आधी, २००५ मध्ये सुरू झाली आणि तिसरी २००६ मध्ये. असं का, ते बाबा मला दोनदा समजावून सांगत होते, पण मी दोन्हीदा ऐकलं नाही.) आत्या म्हणाली, "अरे, तुझ्या बाबांनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं ना, आमच्या पोफरणच्या घरांचं? धाकटी नात विचारते, आजी तुमचं गाव कसं होतं. मला आता सगळं ओळीने आठवत नाही. ते आहे का रे कुठे?"

मी म्हटलं, आहे ना, जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहे. रविवारी काढून देतो.

त्या रविवारचे पुढे चार रविवार झाले.

पहिला रविवार जोडणीत गेला. जुन्या हार्ड डिस्कची केबल रुंद, सपाट पट्टीसारखी, भरपूर टाचण्यांची. नव्या लॅपटॉपला ती लावायला जागाच नाही. या जुन्या जोडणीला 'पाटा' म्हणतात हे ऐकल्यावर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग वरवंटा शोध." वरवंटा मिळाला. एका बाजूला पाटा आणि दुसऱ्या बाजूला यूएसबी असलेली एक डबी असते, ती मागवली. डिस्क दोन वेळा खाकरली आणि फिरायला लागली. चाळीस जीबीची डिस्क! आज पेन ड्राइव्हसुद्धा एवढा लहान कुणी मागत नाही. पण आमच्या घराची दहा-बारा वर्षं त्यात मावली होती.

फोटो सुखरूप आले. फक्त नव्या जागी यादीत त्यांच्यापुढे 'निर्मिती'ची तारीख पडली ती त्याच रविवारची. कॉपी करताना प्रत जिथे तयार होते तिथली तारीख लागते, त्यामुळे माझ्या बहिणीचं लग्न, आजोबांची पंच्याहत्तरी आणि उमरोळीच्या फलाटावरचा हार घातलेल्या लोकलचा फोटो, सगळं एकाच दुपारी घडलेलं दिसत होतं. फोटोच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख असते, पण आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी काढली की त्याचं घड्याळ पहिल्या दिवसावर जायचं आणि ते लावायचं कुणाच्या लक्षात राहायचं नाही.

मग मी इतिहासकारासारखा पुरावे बघायला लागलो. लोकलचा फोटो सोपा. डहाणूपर्यंत लोकल आली एप्रिल २०१३ मध्ये, तेव्हा तो त्याआधीचा नाही. स्कॅन केलेल्या कागदांवर 'ता. पालघर, जि. ठाणे' असेल तर तो १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचा, कारण त्या दिवशी आपला जिल्हा वेगळा झाला. कागद कधीचा ते कागदच सांगतो, विचारता यायला हवं.

आता आत्याचा मजकूर. 'पोफरण घरे' या नावाची फाइल सापडली, तारीख २००३. उघडली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत इंग्रजी अक्षरांची भेळ. मधेच स्वल्पविराम, कंस, टक्क्याचं चिन्ह. एक शब्द लागेना.

जुन्या ब्लॉगर मंडळींच्या लक्षात आलंच असेल. बाबांनी ती फाइल 'शिवाजी' फाँटमध्ये टाइप केली होती. तेव्हा घरोघरी तेच होतं. शिवाजी, श्रीलिपी, आकृती, कृतिदेव… ज्याला जो मिळेल तो. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. त्या फाइलीत मराठी मुळी नव्हतंच. आत साठवलेली होती इंग्रजी अक्षरं आणि फाँटने फक्त त्या अक्षरांवर मराठी मुखवटे चढवले होते. मुखवट्यांची पेटी जुन्या घरी राहिली आणि नट तेवढे नव्या घरी आले. शिवाय प्रत्येक फाँटवाल्याची पेटी वेगळी. एकाचा 'क' दुसऱ्याकडे भलतंच काही व्हायचा.

दुसरा रस्ता तेव्हाही होता. आयआयटी कानपूर आणि नंतर पुण्याची सी-डॅक इथल्या कामातून 'इस्की' हे भारतीय मानक आलं, १९९१ चं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला पहिल्यापासून स्वतःची १२८ घरं होती. म्हणजे 'क' हा 'क' म्हणूनच साठवायचा. पण मानक होणं वेगळं आणि बोईसरहून आणलेल्या कॉम्प्युटरवर ते चालणं वेगळं. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली ती विंडोज २००० पासून. एक्सपीतसुद्धा ती वेगळी सुरू करावी लागायची, आणि तेव्हा ती विंडोजची सीडी मागायची. आठवतंय? "तुमचा ब्लॉग तुटक तुटक दिसतो, वेलांट्या भलतीकडे जातात, काय करू?" असं दर आठवड्याला कुणीतरी विचारायचं आणि आपण तेच उत्तर चिकटवायचो.

असो. जुन्या डिस्कवरच्या फाँटच्या फोल्डरात शिवाजी महाराज सुखरूप होते. तो फाँट नव्या लॅपटॉपवर आणला आणि क्षणात इंग्रजी भेळेतून बाबांचं मराठी उभं राहिलं. मी तसाच थोडा वेळ बघत बसलो. पण आत्याच्या नातीला ते मोबाइलवर हवं होतं, आणि मोबाइलवर हा फाँट काही जाईना. फाइलीचा फोटो काढून पाठवायचा विचार केला. पण मग हातात दुसरी एक गोष्ट आली आणि तो विचार सोडला.

बाबांनी स्कॅन केलेल्या कागदांत एक कागद मोडीतला होता. पणजोबांच्या जमिनीचा असावा. 'असावा' म्हणतो, कारण फोटो अगदी स्वच्छ उघडला, रेघ न् रेघ दिसते, आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. आत्याची फाइल उघडत नव्हती म्हणून वाचता येत नव्हती. हा कागद उघडत होता आणि तरीही वाचता येत नव्हता. माझ्या पणजोबांना बहुधा हे अक्षर बाजाराच्या यादीइतकं सोपं असेल.

तेव्हा लक्षात आलं की हे आपल्याकडे एकदा होऊन गेलेलं आहे, आणि फार मोठ्या प्रमाणावर. काही शतकं मराठी कारभार मोडीत चालला. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि पेशव्यांचे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. ते दप्तर आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. म्हणजे फाइली नव्या मालकाकडे नीट कॉपी झाल्या होत्या! पण विसाव्या शतकात शाळांतून मोडी गेली, आणि शिकलेल्या माणसालाही आपल्याच आजोबांचं पत्र वाचता येईनासं झालं. आज आपण जे वाचतो ते मधल्या माणसांमुळे. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद गोळा केले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड बालबोधीत छापले. गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. आपल्या शेजारचा तारापूरचा किल्ला मराठ्यांनी जानेवारी १७३९ मध्ये घेतला आणि मे महिन्यात वसई पडली, त्या मोहिमेतली पत्रं आज माझ्यासारखा माणूस लायब्ररीत बसून वाचू शकतो तो अशाच छापील खंडांतून.

आणि मोडी वाचणं म्हणजे नुसतं अक्षराला अक्षर बदलणं नव्हे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा नसतो, शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. ओळ कुठे तोडायची ते वाचणाऱ्याला ठरवावं लागतं. त्याला अक्षराबरोबर मुलूख माहीत असावा लागतो, गावांची नावं, माणसांची आडनावं. नुसती मोडी येऊन भागत नाही.

म्हणून फोटो न पाठवता मी फाइल युनिकोडात आणायचं ठरवलं. नेटवरून एक फुकटचं रूपांतर करणारं साधन घेतलं. एक बटण दाबलं, झालं. निदान तसं वाटलं. मग वाचायला बसलो. जुन्या फाँटमध्ये 'कि' लिहिताना वेलांटी आधी साठवली जाते, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडात 'क' आधी, वेलांटी मागून, जसं आपण बोलतो तसं. रफाराचं नेमकं उलटं. हे सगळं त्या साधनाला माहीत होतं, पण जोडाक्षर आलं की ते गोंधळायचं. 'ॲटॉमिक' हा शब्द शोधला तर सापडेना. (आमच्या घरी अणुकेंद्राला ॲटॉमिकच म्हणतात.) कारण साधनाने 'अ' लिहून त्यावर वेगळा चंद्र ठेवला होता, आणि मी टाइप करत होतो तो एकसंध 'ॲ'. त्याला युनिकोडात स्वतःचं घर मिळालं २००८ मध्ये. डोळ्याला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे.

तीन रविवार खपून ते सगळं दुरुस्त केलं. मला वाटलं, आता चूक नाही. मग आत्याकडे गेलो, नव्या वसाहतीतल्या तिच्या घरी, आणि मोठ्याने वाचायला लागलो.

बाबांनी लिहून घेतलेला मजकूर म्हणजे एक फेरफटका आहे. विहिरीपासून निघायचं आणि घरं मोजत जायचं. दारात रायआवळा आहे ते घर. ज्यांच्या ओट्यावर पावसाळ्यात जाळी विणत बसायचे ते घर. नळ्यांच्या छपराचं, मागच्या पावसात एक बाजू बसलेलं घर. आत्या डोळे मिटून ऐकत होती आणि बोटं मोजत होती. मी वाचलं, "इथून दऱ्यांकडे उतार लागतो."

आत्याने डोळे उघडले. "दऱ्या? कसल्या दऱ्या? आमच्याकडे कुठल्या आल्या दऱ्याखोऱ्या?"

मी पुन्हा बघितलं. दऱ्यांकडे, असंच होतं. सगळीकडे तसंच.

"अरे दर्या! दर्याकडे उतार. दर्याकडचं दार. समुद्र होता रे आमच्या दारात."

रफाराचा 'र्या' आणि खालच्या टिंबाचा 'ऱ्या'. साधनाने एकाच्या जागी दुसरा टाकला होता, आणि त्याला अर्थ लागावा म्हणून वर अनुस्वारही माझ्याच हातून पडला होता. तीन रविवार शुद्धलेखन तपासलं आणि मी मात्र अख्खा समुद्र बुजवून तिथे दऱ्या काढल्या. शब्द बरोबर होता, वाक्य बरोबर होतं. गाव तेवढं चुकलं होतं. आणि आता ते गाव जाऊन बघून यायची सोय नाही.

आत्या हसली, मग तिने आणखी दोन ठिकाणी थांबवलं. एक घर बाबांच्या मजकुरातच राहून गेलं होतं. ते आम्ही घातलं, पण वेगळ्या रंगात, खाली त्या दिवसाची तारीख टाकून. २००३ चं ते २००३ चं राहू दे, आणि आत्ताचं आत्ताचं. नात मोबाइलवर वाचत होती. तिने विचारलं, "नळ्यांचं छप्पर म्हणजे काय?" आणि आत्या सांगायला लागली. ते काही कुठल्या फाइलीत नव्हतं.

तर मंडळी, कॉपीची हिरवी पट्टी शंभरावर पोचली म्हणून फाइल नव्या घरी आली असं धरू नका. जुनं आणि नवं दोन्ही ओळखणारं माणूस शेजारी बसलं, त्याने ऐकलं आणि 'दऱ्या कसल्या?' असं विचारलं, तर ती आली. मोडीच्या वेळी अशी माणसं होती म्हणून वाचलो. आपल्याकडे ती आज आहेत. किती दिवस असतील, सांगता येत नाही.

नातेवाइकांना एक विनंती. कुणाकडे जुन्या फ्लॉप्या, सीड्या, कपाटातल्या हार्ड डिस्का असतील तर टाकू नका. फाइलीबरोबर फाँटही ठेवा. फोटोमागे तारीख आणि नावं लिहा, फोटो मोबाइलमध्ये असेल तर त्याच्या नावात लिहा. ती डबी माझ्याकडे आहे, उमरोळीला या, चहा पिऊन कॉपी करून न्या.

आणि कुणाला मोडी येत असेल तर पणजोबांचा तो कागद अजून तसाच आहे. बाबांना शिकायची होती, राहून गेलं. मी पुण्याला एका वर्गाची चौकशी केली आहे. बघू.