सांध्यांतील उंदीर

चालतां चालतां एखाद्याचा गुडघा अकस्मात् अडकतो, पाय सरळ होत नाहीं. आणि थोडा हलवितांच तो पुन्हां पूर्ववत् चालूं लागतो. वडील माणसाचें असें झालें तर आपण त्याला वात म्हणतों. शाळकरी मुलाचें झालें तर कवाईतीचा कंटाळा म्हणतों. परंतु याच्या मुळाशीं कित्येकदां सांध्यांत सुटलेला हाडाचा किंवा कूर्चेचा तुकडा असतो. बोटानें दाबूं जावें तों तो निसटतो, म्हणून जर्मन वैद्यांनीं त्याला ‘सांध्यांतील उंदीर’ असें नांव दिलें.

या उंदराचा इतिहास जुना आहे. फ्रान्सचे विख्यात शस्त्रवैद्य आम्ब्रवाझ पारे यांनीं १५५८ सालीं एका रोग्याच्या गुडघ्यांतून बदामाएवढा, पांढरा व कठीण खडा काढिला. परंतु सांधा उघडणें त्या काळीं फार धोक्याचें होतें; आंत पू झाला कीं पाय, प्रसंगीं प्राणही जाई. १८६७ सालीं लिस्टर यांनीं आपली जंतुनाशक पद्धति प्रसिद्ध केली, तेव्हां कोठें ही भीति ओसरूं लागली.

पण हा तुकडा येतो कोठून? १८७० सालीं लंडनच्या जेम्स पॅजेट यांनीं मत मांडलें कीं, कूर्चेखालील हाडाचा लहानसा भाग मुकाट्यानें निर्जीव होतो व पुढें सुटून पडतो. त्यानंतर सुमारें सतरा वर्षांनीं जर्मनीतील फ्रान्ट्स क्यॉनिग यांनीं त्याचें कारण दाह असावें असें मानून विकारास ‘ऑस्टिओकाँड्रायटिस डिसेकान्स’ हें नांव दिलें. पुढील तपासणींत दाहाचा पुरावा मिळाला नाहीं. वारंवार पडणारा ताण व हाडाचा मंदावलेला रक्तपुरवठा यांकडेच आज बोट दाखविलें जातें. कल्पना मागें पडली, नांव मात्र टिकलें! सुटलेला तुकडाही मोठा चिवट. त्यावरील कूर्चा सांध्यांतील द्रवावर पोसते, म्हणून तो कधीं कधीं वाढतोसुद्धां.

१९१८ सालीं तोक्यो येथें केंजी ताकागी यांनीं मूत्राशय पाहण्याच्या नळीनें प्रेताच्या गुडघ्याचें अंतरंग न्याहाळलें. त्या प्रयत्नांतून वाढलेल्या विद्येमुळें आज लहानशा छेदांतून तुकडा काढतां येतो, वा जागचे जागीं बसवितां येतो.

मात्र खरा लाभ वेळींच ओळखण्यांत आहे. वाढत्या वयांत, तुकडा सुटण्यापूर्वीं विकार ध्यानांत आला, तर धांवणें-उड्या मारणें कांहीं महिने थांबवून पुष्कळ मुलांचें हाड शस्त्रावांचून सांधतें. म्हणून मुलानें गुडघा दुखतो म्हटलें, तर त्याला कामचुकार ठरविण्यापूर्वीं एकदां वैद्याकडे न्यावें.