कव्वालीचा बाजार : तबकडी ते मोबाईल

उर्दू शाळेत आठवीच्या वर्गाला गझल शिकवताना मतला, काफिया, रदीफ झाले की शेवटी मक्त्यापाशी यावे लागते. शेवटच्या शेरात शायर आपला तखल्लुस गुंफतो, तो मक्ता. "पण मॅडम, शायर स्वतःचं नाव स्वतःच कशाला घेतो?" असे दोन वर्षांपूर्वी एका मुलीने विचारले. रिवाज आहे, असे सांगून मी वेळ मारून नेली. घरी येताना उत्तर अपुरे वाटत राहिले. ज्या काळात छापील पुस्तक दुर्मीळ होते आणि कलाम तोंडातोंडी फिरत होता, त्या काळात शायराने आपली सही शेराच्या आतच करून ठेवली. गाणाऱ्याने शेर गायला की सहीही गायली जायची. सही गाळायची तर शेरच मोडायचा. यापेक्षा पक्की मालकीची खूण दुसरी कोणती असणार?

कव्वालीच्या बाजाराचा मागोवा घेताना हा मक्ता मला पुन्हा पुन्हा आठवत राहिला. आवाज विकण्याचा धंदा आपल्याकडे सुरू झाला तोही एका सहीनेच. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव सांगते. पुष्कळांना ती नखऱ्याची गोष्ट वाटते. पण मेणावरचे ते मुद्रण तबकड्या छापण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जायचे, आणि तिथल्या कारागिराला हा आवाज कोणाचा हे कळायला दुसरा मार्ग नव्हता, असे जाणकार सांगतात. म्हणजे तोही मक्ताच! पुढे १९०८ साली कलकत्त्यातच तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला आणि नाव गाण्यातून निघून कागदावर गेले. नाव गाण्यापासून वेगळे होण्याची ही पहिली पायरी म्हणायला हरकत नाही.

तबकडीने कव्वालीचे आणखी एक नुकसान केले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा जास्त मावत नसे. दर्ग्यातील समा-महफिलीत एखाद्या मिसऱ्यावर कोणाला हाल आला तर कव्वाल तोच मिसरा पंधरा मिनिटे घोळवतो, मध्येच दुसऱ्या शायराच्या शेराची गिरह बांधतो, परत मूळ जागी येतो. ऐकणारा समोर बसलेला असतो म्हणून हे घडते. तबकडीसमोर बसलेल्या कव्वालाने ते कोणासाठी करायचे? त्याने मुखडा घेतला, तीन-चार शेर घेतले आणि टाळ्यांवर संपवले. लोकांनाही तेवढ्याचीच सवय लागली. सिनेमाने हीच छाटलेली कव्वाली उचलली. १९५८ च्या 'अल हिलाल' चित्रपटात मुंबईचे इस्माईल आझाद कव्वाल आपल्या पार्टीसह गायले आणि शेवन रिझवी यांचे ते गीत देशभर गाजले. त्यानंतर मुंबईत कव्वालांचा मोठा जमाना आला. युसूफ आझाद, शकीला बानो भोपाली, अझीझ नाझाँ यांच्या मुकाबल्यांना तिकिटे लागत. दर्ग्याची कव्वाली आणि थिएटरची कव्वाली यांत फरक होता, आणि आमच्या घरातील मोठी माणसे दुसरीला फारसे मानत नसत. लपूनछपून ऐकत मात्र असत!

आमच्या कोकणात खरी क्रांती कॅसेटने केली. कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणली होती, पण आमच्या गावापर्यंत ती आखाती देशांतून आली. सत्तरच्या दशकात दुबई, कुवेत, सौदीला गेलेला माणूस रजेवर येताना टेप हमखास आणायचा. त्या टेपवर गाण्यांआधी माणसे ऐकली गेली. पत्र लिहिता न येणाऱ्या बायका कोऱ्या कॅसेटवर सुखदुःख बोलून पाठवत आणि तिकडून नवऱ्याची कॅसेट येई. माझ्या दादीच्या पेटीत अशा चार कॅसेटी होत्या. त्या ऐकण्याची हिंमत घरात कोणी केली नाही.

कॅसेटमुळे कारखान्याची मक्तेदारी संपली. तबकडी छापायला मोठे भांडवल लागे, कॅसेट भरायला दोन यंत्रे पुरत. एचएमव्हीची दशकानुदशकांची सद्दी ऐंशीच्या दशकात मोडली आणि गल्लोगल्ली कंपन्या निघाल्या. लोकगीते, नातं, नौहे, पोवाडे, भजने, वअज, कव्वाली, जे मोठ्या कंपनीने कधी विचारलेही नव्हते ते सगळे बाजारात आले. अमेरिकन अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली उत्तर भारतातील या कॅसेट-संस्कृतीवर आख्खे पुस्तक लिहिले. दिल्लीच्या गुलशन कुमार यांनी १९८३ साली टी-सिरीज काढली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जुने गाणे दुसऱ्या आवाजात पुन्हा मुद्रित करण्याची जी सवलत होती, तिचा आधार घेऊन त्यांनी जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातील स्वस्त कॅसेटी काढल्या. १२ ऑगस्ट १९९७ रोजी मुंबईत त्यांचा खून झाला. त्यानंतर चारच दिवसांनी लंडनमध्ये नुसरत फतेह अली खान वारले. कॅसेटच्या जमान्यातील एक मोठा विक्रेता आणि एक मोठा आवाज एकाच आठवड्यात गेले.

माझ्या मामूंचे एसटी स्टँडजवळ कॅसेटचे छोटे दुकान होते. साठ आणि नव्वद मिनिटांची कॅसेट असल्यामुळे कव्वालीला पुन्हा मोकळा श्वास मिळाला होता. साबरी बंधूंची एकच कव्वाली एका बाजूला पुरून उरायची. शाळेच्या सुट्टीत मी दुकानात बसून कॅसेटच्या आतला पुठ्ठा वाचत असे. तिथेच एकदा अझीझ नाझाँच्या कॅसेटवर, 'चढता सूरज' या त्यांच्या प्रसिद्ध कव्वालीच्या पुढे, अगदी बारीक अक्षरांत नाव वाचले : कैसर रत्नागिरवी. मला खरेच वाटेना. रत्नागिरवी म्हणजे रत्नागिरीचे? मामू हसले. "मग काय लखनौचे? आपल्याकडेही शायर होतात, बेटा." माझ्या उर्दूच्या वेडाची सुरुवात शोधायची तर ती या पुठ्ठ्यापाशी सापडेल. नाझाँची दुसरी गाजलेली कव्वाली, १९७४ च्या 'फाइव्ह रायफल्स'मधली, लिहिणारे नाझाँ शोलापुरी होते. म्हणजे या मुंबईकर गायकाच्या दोन सर्वांत प्रसिद्ध कव्वाल्यांवर रत्नागिरी आणि सोलापूर ही दोन गावे कोरलेली आहेत. मराठी मुलखातील उर्दूचा इतिहास लिहिताना आपण वर्तमानपत्रे, मदरसे, मुशायरे यांची नोंद घेतो, कव्वालीची मात्र घेत नाही.

दुकानाला खरा धक्का आकड्यांनी दिला. डिजिटल म्हणजे दुसरे काय? आवाजाचे आकडे करणे. १९८२ साली आलेल्या सीडीत दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजून त्याचे आकडे लिहिलेले असतात. पाच मिनिटांच्या गाण्याला सुमारे ५० मेगाबाइट जागा लागते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी यातले कानाला फारसे कळत नाही ते गाळून टाकायची रीत बसवली आणि तेच गाणे पाचेक मेगाबाइटमध्ये मावू लागले. १९९५ साली या फाइलीला एमपी३ असे नाव मिळाले. १९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर निघाले, लाखो लोक एकमेकांची गाणी फुकट उतरवून घेऊ लागले आणि २००१ साली कोर्टाच्या आदेशानंतर ते बंद पडले. पण बाटलीतून निघालेला जिन्न परत आत कुठला जायला! कॅसेटची नक्कल दर वेळी थोडी खरखरीत होते, आकड्यांची नक्कल हजाराव्या वेळीही तशीच राहते. चोरीचा माल आणि असली माल यांत फरक उरला नाही, ही या धंद्यातली मूळ गोष्ट आहे.

मामूंनी कॅसेटी काढून सीडी ठेवल्या, मग एकाच सीडीत दीडशे गाण्यांवाल्या एमपी३. मग मोबाईल आले. मी बी.एड. करत होते त्या सुमारास मामूंच्या काउंटरवर एक कॉम्प्युटर होता आणि ते दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून द्यायचे. दोन जीबीच्या कार्डात चारशेच्या आसपास गाणी बसत. गिऱ्हाईक म्हणायचे, "चाचा, कव्वाली डाल दो." मामू कव्वालीचे फोल्डर उचलून टाकायचे. फाइलींची नावे होती ट्रॅक ०१, ट्रॅक ०२. गाणारा कोण, लिहिणारा कोण, काहीच नाही. कॅसेटचा पुठ्ठा गेला तिथे कैसर रत्नागिरवीही गेले. आणि हे करणारे माझे मामू होते, ज्यांनी मला तो पुठ्ठा वाचायला शिकवला. मी त्यांना तसे बोलून दाखवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बेटा, दुकानाचं भाडं मक्त्याने भरत नाही." हे सगळे बेकायदा आहे, हे त्यांनाही ठाऊक होते. तशी दुकाने तेव्हा प्रत्येक तालुक्यात होती.

त्याच वर्षांत कंपन्यांना कॉलर ट्यूनमधून पैसा मिळत होता. गाण्याचा तीस-चाळीस सेकंदांचा तुकडा महिन्याच्या वर्गणीवर विकला जाई. पुष्कळांना आपण तो घेतला आहे हेच माहीत नसायचे, म्हणून ट्रायला पुढे ग्राहकाची दुहेरी संमती सक्तीची करावी लागली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि मेमरी कार्डाचा धंदाही संपला. मामूंनी शटर ओढले. आज तिथे मोबाईलची कव्हरे मिळतात.

आता गाणे कोणी विकत घेत नाही, ऐकण्याचे मोजमाप होते. सावन, गाना यांच्यानंतर २०१९ साली स्पॉटिफाय भारतात आले. कॅसेटवाली टी-सिरीज त्याच वर्षी यूट्यूबवर दहा कोटी वर्गणीदार मिळवणारी जगातील पहिली वाहिनी ठरली. गाणे तीस सेकंद ऐकले की स्पॉटिफायवर ते एकदा वाजले असे धरले जाते. जमलेल्या पैशातील हिस्सा या मोजणीप्रमाणे वाटला जातो. इथे कव्वाली पुन्हा अडकली. दोन-अडीच मिनिटांचे गाणे आणि अर्ध्या तासाची कव्वाली यांची मोजणी सारखीच, एक. तबकडीत जागा नव्हती म्हणून कव्वाली छाटली गेली, इथे जागा अमर्याद आहे तरी हिशेब तोट्याचा. शिवाय २०२४ पासून वर्षात हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला त्या हिशेबातून काहीच मिळत नाही. एखाद्या आडगावच्या उर्साचे मुद्रण कोण हजारदा ऐकणार?

पण केवळ रडगाणे गाणे बरोबर नाही. कव्वालाची कमाई तबकडीतून कधीच फारशी नव्हती, ती महफिलीतल्या नजराण्यातून होती. मुद्रण ही त्याची जाहिरात होती. म्हणून संगीताची दुकाने बुडाली तरी कव्वाल पार्ट्या टिकल्या. त्यांना खरा तडाखा २०२० च्या टाळेबंदीत बसला, जेव्हा उर्सच भरले नाहीत. आता साधी पार्टीही आपला कार्यक्रम स्वतः यूट्यूबवर टाकते आणि त्यावरून तिला बोलावणे येते. नुसरत फतेह अली खान यांचे १९९० साली मुद्रित झालेले, गोदामात विसरलेले गाणे २०२४ साली 'चेन ऑफ लाइट' या नावाने बाहेर आले आणि मी ते त्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरात ऐकले. हे सुख अब्बांच्या पिढीला नव्हते.

प्रश्न उरतो तो लिहिणाऱ्याचा. आपल्याकडे गीतकाराला एकदा बिदागी दिली की संपले, अशी रीत होती. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानेही सिनेमासाठी लिहून घेतलेल्या गीताचा हक्क सामान्यतः निर्मात्याचा, असाच निकाल दिला. राज्यसभेत गेलेल्या जावेद अख्तर यांनी हा प्रश्न लावून धरला आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कायद्यात आला. तो वाटा आता वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून कोणाला लिहून देता येत नाही. कायदा चांगला आहे. परंतु पैसे वाटायला आधी नाव नोंदलेले लागते. प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षरी-अंकी क्रमांक असतो, आयएसआरसी म्हणतात त्याला, पण तो क्रमांक आवाजाचा आहे, कवितेचा नाही. कवितेची नोंद निराळी करावी लागते. ज्याच्या नावाचा पुठ्ठाच हरवला, त्याची नोंद कोण आणि कशावरून करणार? लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. किती वारसांना आजोबांनी काय लिहिले तेच ठाऊक नसेल!

२०१७ च्या 'इंदू सरकार' चित्रपटात 'चढता सूरज' पुन्हा आली, अझीझ नाझाँचे चिरंजीव मुजतबा यांच्या आवाजात. गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातील मुले शिक्षकांचा डोळा चुकवून आणलेल्या मोबाईलवर त्याच कव्वालीचा वीस-पंचवीस सेकंदांचा तुकडा ऐकत होती. मोबाईल मी जप्त केला, नियम आहे. मग विचारले, हे लिहिले कोणी? एकाने गायकाचे नाव सांगितले, एकाने नटाचे. मी फळ्यावर उर्दूत लिहिले : कैसर रत्नागिरवी. मागच्या बाकावरून, मक्त्याबद्दल विचारणारी तीच मुलगी उठली. "मॅडम, आपल्या रत्नागिरीचे?"

मी हो म्हटले. मग तिने वहीत ते नाव उतरवून घेतले आणि त्यांचा दिवान कुठे मिळेल असे विचारले. मी अजून शोधते आहे.