विद्यापीठाचा रेडिओ, माचनूरच्या बाया आणि आपला जिल्हा

मंडळी, आमच्या पिढीला आठवत असेल, रेडिओ नुसता ऐकायलासुद्धा लायसन लागायचं. पोस्टात जाऊन वर्षाचे पंधरा रुपये भरायचे, मग पोस्टमास्तर पुस्तकात तिकीट चिकटवून ठाप्पदिशी शिक्का मारायचे. वडिलांनी ते पुस्तक जमिनीच्या कागदांबरोबर ट्रंकेत ठेवलेलं होतं. १९८०च्या दशकात हा प्रकार बंद झाला. आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना मी थापा मारतेय असं वाटतं!

ऐकायला लायसन, मग बोलायला किती लागत असेल? या प्रश्नावर गेले काही दिवस वाचत होते. निमित्त साधं होतं. आमच्या भाचीनं फोनवर विचारलं, "मावशी, विद्यापीठाला स्वतःचा रेडिओ काढायचा झाला तर ते कोण ठरवतं गं? कुलगुरू की दिल्ली?" उत्तर दोन वाक्यांत देता येईल असं वाटलं होतं. नाही देता आलं. म्हणून हा लेख.

कागदोपत्री उत्तर असं की ठरवते व्यवस्थापन परिषद. १९९४च्या विद्यापीठ कायद्यात आणि नंतर २०१६च्या कायद्यातही विद्यापीठाचा पैसा आणि मालमत्ता यांबद्दलचे निर्णय तिच्याकडे आहेत. कुलगुरू अध्यक्ष, कुलसचिव सचिव, बाकी प्राचार्य, प्राध्यापक, संस्थाचालक, पदवीधरांचे प्रतिनिधी, सरकारी अधिकारी. पण परिषदेनं ठरवायचं काय, तर अर्ज करायचा की नाही एवढंच. पुढचं दिल्लीच्या हातात. कारण १८८५ सालचा तार कायदा! तारा आणि बिनतारी संदेश ही फक्त केंद्र सरकारची मक्तेदारी, इतरांना सरकार परवाना देईल तेव्हाच. इंग्रजांनी १८५७ विसरायच्या आत केलेला कायदा, आणि तो स्वतंत्र भारतातही शंभर वर्षं उलटून गेली तरी विद्यापीठांना लागू राहिला.

गंमत अशी की संस्थानांत मात्र जरा मोकळीक होती. म्हैसूरला महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५च्या सप्टेंबरात स्वतःच्या घरात ३० वॉटचं छोटं यंत्र बसवून प्रक्षेपण सुरू केलं. त्या केंद्राला नाव होतं 'आकाशवाणी'. पुढे संस्थानानं ते चालवायला घेतलं आणि १९५७ साली ऑल इंडिया रेडिओनं तेच नाव उचललं. म्हणजे आपण रोज ज्या नावानं रेडिओ ओळखतो ते विद्यापीठातल्या एका मास्तरांच्या घरातून आलेलं आहे. (शिक्षकी पेशातल्या मंडळींनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादेत पोस्ट-तार खात्यातल्या महबूब अली यांनी १९३३ साली खाजगी केंद्र काढलं आणि १९३५ मध्ये निजाम सरकारनं ते ताब्यात घेतलं. तोच डेक्कन रेडिओ. उर्दूबरोबर तेलुगू, कानडी, मराठी कार्यक्रमही त्यावर व्हायचे. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गात शिरल्या आणि १७ तारखेला संध्याकाळी निजामानं शस्त्रं खाली ठेवल्याचं लोकांना कळलं ते रेडिओवरूनच. वडील सांगायचे, गावात एकच रेडिओ होता, तोही ज्याच्या वाड्यात होता त्याच्या वाड्यात जायची सगळ्यांची टाप नव्हती. बातमी वाड्यातून बाहेर यायला रात्र झाली. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण रेडिओचा प्रश्न हा आधी 'कुणाच्या वाड्यात' हाच असतो.

स्वातंत्र्यानंतर एक फार चांगला प्रयोग झाला तो आपल्या मराठी मुलखातच. १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळं बनवली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. तो सगळ्यांनी मिळून ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची, प्रश्न लिहून पुण्याला पाठवायचे आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याची पाहणी केली. मला यातलं आवडतं ते हे की शेतकरी नुसता ऐकत नव्हता, त्याचं बोलणं परत स्टुडिओत जात होतं. आपला जिल्हा त्या पाचांत नव्हता, असणं शक्यही नव्हतं. आपण १ नोव्हेंबर १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होतो. आपलं विद्यापीठ तर १९५८चं. तोवर इथल्या पोरांना परीक्षेला उस्मानियाच.

असो. इतिहास पुढे सरकला तो १९९३ साली आणि तोही क्रिकेटमुळे. त्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे आपल्याकडे भूकंप झाला होता. सास्तूर, लोहारा, उमरगा, तिकडे किल्लारी... त्यावर लिहायला बसले तर हा लेख इथंच थांबेल. एवढंच सांगते की त्या दिवसांत माणसांचे हाल मातीनं केले तसे अफवांनीही केले. आज रात्री पुन्हा होणार, अमुक गावाखाली पाणी उकळतंय, अमुक ठिकाणी तंबू वाटतायत. शिक्षक म्हणून लोक आम्हाला विचारायचे, आणि आम्हाला तरी कुठं काय ठाऊक? मोठ्या रेडिओवर मंत्र्यांचे दौरे कळायचे, शेजारच्या गावाची खबर कळायची नाही. तेव्हा दहा-पंधरा किलोमीटर ऐकू जाईल असा, आमच्याच बोलीतला एखादा आवाज असता तर? पण तसा आवाज काढणं कायद्यानं गुन्हा होता. विद्यापीठानं काढला असता तरी.

त्यानंतर दोनच महिन्यांत कलकत्त्याला हिरो कप झाला. सामने कुणी दाखवायचे यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि दूरदर्शन यांचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ला निकाल लागला. मुख्य निकालपत्र लिहिलं ते न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी, आपल्या मराठी माणसानं. वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही आणि तशीच ती पैसेवाल्यांचीही नाही, असा त्याचा आशय. क्रिकेटच्या खटल्यातून गावाच्या रेडिओला वाट मिळाली, हे त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. वर्तमानपत्रात ते क्रिकेटची बातमी म्हणूनच वाचलं आम्ही.

तरीही सरकारनं सात-आठ वर्षं घेतली. डिसेंबर २००२मध्ये धोरण ठरलं ते फक्त नामांकित शिक्षणसंस्थांसाठी. १ फेब्रुवारी २००४ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं, देशातलं या प्रकारचं पहिलं. आपल्याकडे पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आली, २००८ साली मुंबई विद्यापीठाचाही रेडिओ आला. १६ नोव्हेंबर २००६ला मंत्रिमंडळानं दार आणखी उघडलं, तेव्हा स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं यांनाही अर्ज करता येऊ लागला.

त्या २००६च्या नियमावलीत एक मजकूर आहे तो वाचून मी थबकले. विद्यापीठांना आणि सरकारी शिक्षणसंस्थांना एक खिडकी. सूचना व प्रसारण सचिवांच्या समितीपुढे प्रकरण जाणार, गृह खात्याची नि शिक्षण खात्याची वेगळी परवानगी नको, फ्रिक्वेन्सी ठरली की इरादापत्र हातात. बाकीच्यांनी मात्र किमान तीन वर्षं नोंदणी झालेली असली पाहिजे, शिवाय गृह, संरक्षण, मनुष्यबळ विकास अशा सगळ्या खात्यांतून निभावून निघालं पाहिजे. म्हणजे आपल्या व्यवस्थापन परिषदांना दिल्लीनं जवळजवळ लाल गालिचा टाकला होता.

आणि 'बाकीचे' कोण? त्यासाठी लांब जायला नको. उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्यानं साधारण शंभर किलोमीटरवर जहिराबाद लागतं. त्याच्या जवळ माचनूर नावाचं खेडं आहे. तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी १९९८च्या सुमारास युनेस्कोच्या मदतीनं रेडिओचं केंद्र उभं केलं. स्टुडिओ तयार, यंत्रं तयार, परवाना नाही. बहुतेक बाया दलित, कोरडवाहू शेती करणाऱ्या. त्या बायांनी काय केलं, तर कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून कॅसेटी गावोगाव संघाच्या बैठकांत नेऊन वाजवल्या. बियाणं कसं राखायचं, ज्वारी-बाजरीबरोबर काय पेरायचं, जुनी गाणी, घरगुती औषधं. जुलै २०००मध्ये तिथल्याच पस्तापूरला देशभरचे लोक जमले आणि सामुदायिक रेडिओचा जाहीरनामा निघाला. तरीही परवान्याला पुढे आठ वर्षं लागली. शेवटी १५ ऑक्टोबर २००८ला 'संघम रेडिओ' हवेत गेला. उद्घाटनाला कोण आलं असेल? न्यायमूर्ती सावंत! आपल्या निकालाचं फळ एवढ्या जवळून पाहायला मिळणारे न्यायाधीश थोडे असतील. २०२१ साली ते गेले.

दहा वर्षं कॅसेटी डोक्यावरून वाहणाऱ्या त्या बाया एकीकडे आणि एका ठरावावर रेडिओ मिळू शकणाऱ्या परिषदा दुसरीकडे. मग सगळ्याच विद्यापीठांनी धडाधड अर्ज का केले नाहीत?

मी शाळेच्या समित्यांवर अनेक वर्षं बसले आहे, त्यावरून अंदाज बांधते. अशा विषयाला बैठकीत पहिला प्रश्न असतो खर्चाचा. यंत्रं एकदाच घ्यायची, पण रोज बोलणारी माणसं कोण पोसणार? २००६च्या नियमांत जाहिरात तासाला फक्त ५ मिनिटं आणि बातम्यांना बंदी. दुसरा प्रश्न भीतीचा. माईकपुढे एखादा विद्यार्थी काहीबाही बोलला तर उत्तर कोण देणार? प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवायचं ही अट वाचली की निम्म्या सदस्यांच्या कपाळाला आठ्या. आणि मग ठरलेलं वाक्य येतं, 'विषय पुढील बैठकीत घ्यावा'. कुणी नाही म्हणत नाही आणि काम होत नाही. २०१२ साली सरकारनं वर्षाची स्पेक्ट्रम फी १९,७०० रुपयांवरून एकदम ९१,००० केली होती. ओरड झाल्यावर ती मागे घेतली, पण काठावर बसलेल्यांना तेवढं निमित्त पुरतं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही बरं का. अमेरिकेतल्या पुतण्यासाठी मुद्दाम लिहिते. तिकडे १९२०च्या दशकात विद्यापीठांना रेडिओचे परवाने सहज मिळत होते. १९३६ अखेरपर्यंत शिक्षणसंस्थांना २०२ परवाने दिले गेले आणि त्यातले उरले फक्त ३८. बाकीचे गेले कुठं? फ्रिक्वेन्सी नव्यानं वाटताना शिक्षणसंस्थांच्या वाट्याला दिवसाच्या अडनिड्या वेळा आल्या, वॉशिंग्टनला सुनावण्यांसाठी वकील द्यायला पैसे नाहीत आणि दारात खाजगी कंपनी नोटा घेऊन उभी. विश्वस्त मंडळांनी एकामागून एक केंद्रं विकली नाहीतर बंद केली. विस्कॉन्सिनसारख्या काहींनी हट्टानं राखली. पुढे १९४५ साली एफएमच्या पट्ट्यात शिक्षणासाठी जागाच राखून ठेवावी लागली तेव्हा कुठं तिकडच्या विद्यापीठांचा आवाज परत ऐकू येऊ लागला. हातातलं सोडून मग राखीव जागा मागायची, हा प्रकार ओळखीचा वाटतो ना?

आता आपल्या जिल्ह्याचं. सामुदायिक रेडिओची ताकद १०० वॉट, म्हणजे दहा-बारा किलोमीटर. संभाजीनगरहून धाराशिव दोनशे किलोमीटरच्या वर. मुख्य आवारात कितीही उत्तम केंद्र चाललं तरी आपल्याला त्याची खरखरसुद्धा ऐकू येणार नाही. २००४पासून इथं विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, पण २००६च्या नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं की एका संस्थेला एकच परवानगी. मग परिषदेत कितीही सद्भावना असली तरी ती एकुलती एक परवानगी धाराशिवला कोण देणार? आईच्या ताटातली पोळी मोठ्या पोरालाच जायची.

फेब्रुवारी २०२४मध्ये नियम बदलले. अनेक जिल्ह्यांत काम करणाऱ्या संस्थेला आता वेगवेगळ्या जिल्ह्यांत मिळून सहा केंद्रं काढता येतात. परवानगीची मुदत दहा वर्षं झाली, जाहिरातीची वेळ तासाला १२ मिनिटं. म्हणजे उपकेंद्राचा अर्ज आता मुख्य आवाराच्या पोटावर पाय देऊन होणार नाही.

माझं म्हणाल तर मी परिषदेवर असते तर खर्चाच्या आधी सल्लागार समितीची यादी मागितली असती. नियमाप्रमाणे त्यात स्थानिक लोक असावे लागतात. त्यात कोण? नुसते विभागप्रमुख असतील तर ते व्याख्यानं लावतील, आणि व्याख्यानं ऐकायला कुणी रेडिओ लावत नाही (हे मी चौतीस वर्षं व्याख्यानं देऊन सांगतेय). आपल्याकडे मराठी आहे, उमरग्याकडे कानडी आहे, शहरात उर्दू आहे, तांड्यांवर लमाणी आहे. भूम-परांड्याकडची शेळीपालन करणारी बाई, ऊसतोडीला जाऊन आलेलं कुटुंब, भूकंपानंतरच्या पुनर्वसित गावात वाढलेली आणि आता तिशीत असलेली पोरं. उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, पण ती राखणाऱ्या बाईचा आवाज आपल्याच जिल्ह्यात कुणी ऐकलाय?

भाचीला एवढं सगळं फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे परिषदच ठरवते ना?" हो गं बाई, परिषदच ठरवते. पुढच्या सुट्टीत उमरग्याहून माचनूरला जाऊन यायचं आम्ही दोघींनी पक्कं केलंय. तेलुगू येत नाही, पण बिदरकडची एक मैत्रीण सोबत येते म्हणालीय. आणखी कुणाला यायचं असेल तर कळवा, जीपमध्ये अजून तिघांची जागा आहे.